कर्जदाराच्या घराची दोन दारे

पॅरिसच्या पश्चिमेला, सीन नदीकडे उतरत जाणाऱ्या एका टेकाडावर पासी नावाचे गाव होते. आज ते शहराचा भाग झाले आहे. १८४०च्या ऑक्टोबरमध्ये तेथील एका साध्या घरात एक गृहस्थ राहायला आला. भाडेकरू म्हणून नाव होते मस्य द ब्रन्योल असे. ते नाव त्याने आपल्या घरकाम पाहणाऱ्या बाईच्या आडनावावरून उचलले होते. घर मोठे चमत्कारिक होते. वरच्या रस्त्यावरून आत शिरावे, तर राहत्या खोल्यांत पोचण्यासाठी जिना चढण्याऐवजी उतरावा लागे. आणि त्या खोल्यांच्याही खाली, टेकाडाच्या पायथ्याशी, अरुंद बोळात उघडणारे दुसरे दार होते. वरच्या दाराशी कुणी नको असलेला पाहुणा आला की खालच्या दाराने निसटता येई. भेटायला येणाऱ्या मित्रांना परवलीचा शब्द ठाऊक असावा लागे, आणि तो वरचेवर बदलत असे. कधी अलुबुखारांचा हंगाम सुरू झाल्याची बातमी द्यायची, कधी बेल्जियमहून लेस आणल्याचे सांगायचे. एवढे बरोबर जमले तर मग आत, पांढरा पायघोळ झगा घालून, लहानशा टेबलाशी बसलेला ऑनोरे द बाल्झाक दृष्टीस पडे.

त्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. युरोपभर त्याच्या कादंबऱ्या वाचल्या जात होत्या आणि त्याच्या डोक्यावर दोन लाख फ्रँकच्या पुढे कर्ज होते. पॅरिसमधला मजूर तेव्हा दिवसाला दोन-तीन फ्रँक मिळवीत असे, एवढे सांगितले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळेल.

बाल्झाकचा जन्म २० मे १७९९चा, तूर शहरातला. वडील बेर्नार-फ्रांस्वा हे दक्षिणेकडल्या शेतकरी कुटुंबातून वर आलेले. मूळचे बाल्सा हे आडनाव त्यांनीच बदलून बाल्झाक केले. त्याला ‘द’ जोडण्याची हौस पुढे मुलाने पुरी करून घेतली. आई नवऱ्यापेक्षा बत्तीस वर्षांनी लहान, पॅरिसच्या व्यापारी घरातली. मूल जन्मताच दाईकडे गेले आणि आठव्या वर्षी व्हाँदोमच्या निवासी शाळेत. तिथे सहा वर्षे तो जवळजवळ विसरल्यासारखाच होता. आईने आपल्यावर माया केली नाही, ही खंत त्याने आयुष्यभर बाळगली. आणि गंमत अशी की आयुष्यभर तो सर्वांत मोठा ऋणी राहिला तो त्या आईचाच, अगदी रोख रकमेच्या अर्थाने.

कायद्याचा अभ्यास करीत असताना त्याने आधी एका वकिलाकडे आणि मग एका नोटरीकडे उमेदवारी केली. त्या कचेऱ्यांतील धूळ खात पडलेल्या कागदांतून त्याला जे शिक्षण मिळाले, ते सोर्बोनच्या व्याख्यानांतून मिळाले नसते. गहाणखते, मृत्युपत्रे, हुंड्या, वाटण्या, जप्तीचे हुकूम. घराण्यांची अब्रू कशी कागदावर चढते आणि कागदावरून कशी उतरते, हे त्याने विशीच्या आतच पाहिले. पण १८१९ साली नोटरी होण्याचे नाकारून आपण लेखक होणार, असे त्याने जाहीर केले. घरच्यांनी मुदतीची सवलत दिली, एक पोटमाळ्यावरची खोली घेऊन दिली. तिथे त्याने क्रॉमवेलवर एक पद्यनाटक लिहिले. ते कुणालाच आवडले नाही. मग टोपणनावांनी बाजारी कादंबऱ्या लिहिण्याचा सपाटा लावला. त्यातून पोट भरत होते, नाव होत नव्हते.

लेखणीने पैसा मिळत नाही तर पुस्तकांच्या धंद्यातून मिळवू, असे १८२५मध्ये त्याच्या मनाने घेतले. मोलिएर आणि ला फोंतेन यांचे समग्र वाङ्मय एकेका खंडात छापायचे, अशी ती कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पुढे तिच्यावर इतरांनी पैसा केला. पण बारीक ठसा, दोन रकाने आणि भारी किंमत यामुळे प्रती खपल्या नाहीत, आणि पंधरा हजार फ्रँकच्या आसपास खोट आली. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. बाल्झाकने ठरवले की प्रकाशनात बुडालो ते मुद्रकाने नफा खाल्ल्यामुळे. म्हणजे आपणच मुद्रक व्हावे. १८२६मध्ये त्याने डाव्या तीरावरच्या एका अरुंद गल्लीत छापखाना घेतला. तिथून पहिले काम छापून बाहेर पडले ते दीर्घायुष्य देणाऱ्या कसल्याशा गोळ्यांच्या जाहिरातीचे. छापखाना चालेना तेव्हा त्याने तर्क आणखी एक पायरी पुढे नेला आणि खिळे ओतण्याचा कारखानाही घेतला. भांडवल आईचे आणि मादाम द बेर्नीचे. ही त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठी स्त्री, त्याची पहिली प्रेयसी आणि बऱ्याच अंशी त्याला घडवणारी.

याच छापखान्यातून १८२७ साली एक चटकदार पुस्तक निघाले. खिशातली एक दमडीही न काढता कर्जे कशी फेडावीत आणि सावकारांना कसे संतुष्ट ठेवावे, हा त्याचा विषय. मुद्रक म्हणून खाली नाव ऑ. बाल्झाक. दुसऱ्याच वर्षी, १८२८च्या उन्हाळ्यात, मुद्रकाचेच दिवाळे निघण्याची वेळ आली.

दिवाळखोराचा शिक्का कुटुंबाला नको होता. एका चुलत नातलगाने हिशेब मिटवायचे काम अंगावर घेतले, आईने जवळची शिल्लक ओतली, छापखाना भागीदाराकडे गेला आणि खिळ्यांचा कारखाना मादाम द बेर्नीच्या मुलाकडे. हा मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा होता, पण त्याने तो इतका नीट चालवला की त्या घराण्याच्या नावाची टंकओतशाळा पुढे १९७०च्या दशकापर्यंत जगली. बाल्झाकच्या वाट्याला आले सुमारे साठ हजार फ्रँकचे देणे. त्यातला मोठा हिस्सा आईचा. वय एकोणतीस.

इथून पुढची बावीस वर्षे त्याने हे देणे फेडण्यासाठी लिहिले, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. लिहिले हे खरे, आणि कुणी लिहिले नसेल इतके लिहिले. संध्याकाळी सहाला झोपायचे, मध्यरात्री उठायचे, मेणबत्त्या लावून, कॉफीच्या एकामागून एक पेल्यांवर सकाळपर्यंत आणि पुढे दुपारपर्यंत लिहीत राहायचे. पण कर्ज फिटले नाही. ते वाढत गेले. १८२९मध्ये स्वतःच्या नावाने पहिली कादंबरी आली, १८३१मध्ये ‘ला पो द शाग्राँ’ने त्याला एका रात्रीत प्रसिद्ध केले. प्रत्येक इच्छा पुरी करणारे आणि प्रत्येक इच्छेबरोबर आकसत जाणारे कातडे हा त्या कादंबरीचा विषय. ती लिहून झाल्यावर लेखकाने काय केले? एक घोडा घेतला, एक टिलबरी घेतली. मग दुसरा घोडा घेतला, गणवेशातला नोकर ठेवला.

टिलबरी म्हणजे दोन चाकांची, दोन माणसांची, हलकी आणि डौलदार उघडी बग्गी. त्या काळच्या पॅरिसमधली तरुण रईसांची गाडी. ती दारात असणे म्हणजे माणूस वर आला, अशी खूण. पायी चालणाऱ्या लेखकाला प्रकाशक कमी पैसे देतो आणि बग्गीतून उतरणाऱ्याला जास्त देतो, असा बाल्झाकचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण बग्गीला घोडे लागतात, घोड्यांना तबेला, चंदी, नाल, मोतद्दार. आणि हे सारे उधारीवर आणले असेल तर दर तीन महिन्यांनी त्यांची बिले एकदम दाराशी येतात. पुढल्याच वर्षी, १८३२मध्ये, तो पॅरिसबाहेर आश्रयाला होता आणि घरचा व्यवहार आईवर सोपवला होता. घोडे विकून टाकावेत, असे त्याने तिला तिथून कळवले. हौस मात्र विकली गेली नाही. थोड्याच वर्षांत पिरोजांनी मढवलेली सातशे फ्रँकची काठी हातात आली. त्या काठीची पॅरिसभर इतकी चर्चा झाली की तिच्यावर एका लेखिकेने कादंबरीच लिहिली.

ब्युइसाँ हा त्याचा शिंपी. या शिंप्याचे देणे वर्षानुवर्षे चालत राहिले. बाल्झाकने त्याची परतफेड आपल्या परीने केली: आपल्या कादंबऱ्यांतल्या फॅशनेबल नायकांना त्याने ब्युइसाँकडेच कपडे शिवायला धाडले, दुकानाच्या नावासकट. त्या काळी याला जाहिरात म्हणण्याची पद्धत नव्हती. शिंप्याला मात्र तिची किंमत कळत असावी, कारण त्याने केवळ उधारीच चालू ठेवली नाही, तर अडचणीच्या दिवसांत आपल्या घरात त्याला आसराही दिला.

सगळेच घेणेकरी असे नव्हते. बाल्झाकची खरी फजिती समजायला त्या काळचा पैशाचा व्यवहार थोडा समजून घेतला पाहिजे. प्रकाशक लेखकाला रोख पैसे क्वचित देई. तो हुंड्या देई, सहा, नऊ, बारा महिन्यांच्या मुदतीच्या. लेखकाला पैसे आज हवे असत. मग तो हुंडीच्या पाठीवर सही करून ती एखाद्या दलालाला कमी किमतीत विकी. मुदत भरली आणि प्रकाशकाने पैसे दिले नाहीत, तर हुंडी ज्याच्या हातात असेल तो पाठीवर सही करणाऱ्याला धरी. म्हणजे लेखकाने आपल्या मेहनतीचा जो मोबदला घेतला, तोच त्याचे कर्ज होऊन परत येई. शिवाय नाकारल्याच्या नोंदीचा खर्च, दलाली, व्याज, मुद्रांक, टपालहशील, वकिलाचा आकार. ‘इल्युझ्याँ पेर्द्यु’ या कादंबरीत एका गरीब मुद्रकाच्या हुंडीवर हे आकार कसे चढत जातात, याचा हिशेब बाल्झाकने रकमेनिशी मांडला आहे. कादंबरीत असा हिशेब कंटाळवाणा व्हायला हवा होता. तो श्वास रोखून वाचावा लागतो, कारण लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या अंगावर भरलेला होता.

१८३६-३७ साली नेमके हेच घडले. बाल्झाकने ‘क्रोनिक द पारी’ हे नियतकालिक विकत घेतले आणि काही महिन्यांत ते बुडाले. त्याच सुमारास त्याचा प्रकाशक वेर्दे कोसळला, आणि त्याच्या हुंड्यांवर बाल्झाकच्या सह्या होत्या. मधल्या काळात एका प्रकाशक-मंडळीने पन्नास हजार फ्रँक आगाऊ देऊन त्याला आपल्याशी बांधून घेतले होते. ती रक्कम आली तशी घेणेकऱ्यांच्या खिशात गेली. आगाऊ पैसे घेतलेले असले की पुढच्या पुस्तकाचा पैसा आधीच खर्च झालेला असतो, आणि ते पुस्तक लिहीत असताना जगायला पुन्हा कर्ज काढावे लागते. यात भर त्याच्या एका खर्चिक सवयीची. छपाईची मुद्रिते हातात आली की तो ती तपासत नसे, पुन्हा लिहीत असे. एकेका पुस्तकाची मुद्रिते सात-आठ वेळा, कधी त्याहून अधिक वेळा फिरत. जुळाऱ्यांना ते हस्ताक्षर म्हणजे शिक्षा वाटे. जादा दुरुस्त्यांचा खर्च प्रकाशक त्याच्या मोबदल्यातून कापून घेत. आपली वाक्ये सुधारण्यासाठी लेखकाने एवढे पैसे मोजल्याचे उदाहरण विरळाच.

आणि मग वसुलीदार. आज गाडीचे हप्ते थकले तर कर्ज देणारे गाडी उचलून नेतात. त्या फ्रान्समध्ये गाडीही जाई आणि गाडीवालाही जाई. व्यापारी हुंडीच्या कर्जासाठी ऋणकोला प्रत्यक्ष तुरुंगात टाकता येत असे, मोठ्या रकमेसाठी पाच वर्षांपर्यंत. पॅरिसमध्ये १८३४पासून त्यासाठी क्लिशी रस्त्यावर स्वतंत्र तुरुंगच होता. कैद्याच्या अन्नाचा खर्च मात्र धनकोने भरायचा, महिन्याला तीस फ्रँक आगाऊ. तो भरायला चुकला की कैदी सुटला. तुरुंगवासाने कर्ज फिटत नसे. ऋणकोला तिथे बसवून त्याच्या आईला, बायकोला, मित्रांना पैसे काढायला लावणे, एवढाच त्याचा उपयोग. म्हणजे आजच्या वसुलीच्या फोनाचे काम तेव्हा भिंती करीत.

या पकडापकडीचे नियम होते आणि ते दोन्ही बाजूंना तोंडपाठ असत. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर ऋणकोला धरता येत नसे. सणासुदीच्या सुटीच्या दिवशी धरता येत नसे. प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये धरता येत नसे. कुणाच्याही घरात, अगदी त्याच्या स्वतःच्या घरातही, न्यायाधीश जातीने बरोबर असल्याशिवाय शिरून धरता येत नसे. त्यामुळे सारा खेळ उंबरठ्याचा होता. वसुलीच्या माणसाने ऋणकोला बाहेर आणायचे, आणि ऋणकोने आत राहायचे. रात्री लिहिणाऱ्या आणि दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या दिनक्रमाला या कायद्याचाही हातभार लागला असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बाल्झाक उंबरठ्यांचा तज्ज्ञ झाला. १८२८मध्येच त्याने जागा घेतली ती मेव्हण्याच्या नावावर. १८३५मध्ये शायो भागात घेतलेल्या जागेत कागदोपत्री दुराँ नावाची विधवा राहत होती; ही विधवा अस्तित्वात नव्हती. तिथेही परवलीचे शब्द होते, आणि बंद दारांच्या ओळीनंतर एकाएकी गालिचे, पडदे आणि पांढऱ्या दिवाणाने सजलेली खोली. घेणेकऱ्यांबरोबरच तो नागरी पहाऱ्याच्या सक्तीच्या पाळीलाही चुकवीत होता. तिथे मात्र १८३६च्या वसंतात तो सापडला आणि आठवडाभर कोठडीत बसला. ती कोठडी कर्जाची नव्हती. क्लिशीचे दार त्याने उभ्या आयुष्यात आतून पाहिले नाही.

सर्वांत जवळून ते गेले १८३७मध्ये. नियतकालिकाच्या व्यवहारातल्या एका जुन्या भागीदाराने अटकेचा हुकूम मिळवला होता. बाल्झाक शांझेलीझेवर काउंटेस ग्विदोबोनी-व्हिस्कोंती या इंग्रज बाईच्या घरी लपला होता आणि लपल्या लपल्या लिहीत होता. त्याचे चरित्रकार सांगतात ती हकिगत अशी: एके दिवशी टपालगाडीच्या कचेरीचा गणवेश घातलेला एक माणूस आला. बाल्झाकसाहेबांच्या नावाचे पार्सल आहे, ते त्यांच्याच हाती द्यायचे आहे, असे त्याने सांगितले. ज्याला आयुष्यभर कुठून तरी घबाड येईल अशी आशा होती, त्या माणसाला हा गळ पुरेसा होता. तो बाहेर आला. गणवेश उघडला गेला आणि आत वसुलीचा अंमलदार निघाला. घराला माणसांचा वेढा होता. पैसे टाका नाहीतर क्लिशीला चला. काउंटेसने तिथल्या तिथे पैसे मोजले.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने ‘सेझार बिरोतो’ लिहून संपवली, मोजक्या आठवड्यांत, एका वृत्तपत्राने देऊ केलेल्या वीस हजार फ्रँकसाठी. अत्तरे विकणारा एक भोळा दुकानदार सट्ट्यात बुडतो, दिवाळे काढतो, मग मुलगी, बायको आणि तो स्वतः नोकऱ्या करून पै न् पै फेडतात. अब्रू परत मिळते आणि त्या आनंदातच तो मरतो. कर्ज फेडून टाकणाऱ्या माणसाची जगातली बहुधा सर्वांत मोठी गाथा कर्ज न फेडू शकणाऱ्या माणसाने लिहिली. त्यात उपरोध आहे असे समजणे सोपे आहे. पण बिरोतोच्या घरातली ती काटकसर, ती वही, एकेका घेणेकऱ्याच्या नावापुढे मारलेली ती रेघ इतक्या असोशीने लिहिली आहे की हे त्याचे दिवास्वप्न होते, हेच अधिक पटते.

प्रत्यक्षात त्याने काय केले, तर सार्डिनियात चांदी शोधायला गेला. रोमन काळातल्या खाणींच्या टाकाऊ मळीत अजून चांदी आहे, असे एका जिनोव्हाच्या व्यापाऱ्याकडून त्याने ऐकले होते. उसनवारी करून, १८३८च्या वसंतात, कॉर्सिकामार्गे, होडीतून, विलगीकरणात अडकून तो तिथे पोचला. तोवर त्या व्यापाऱ्याने मार्सेलच्या एका पेढीशी संधान बांधून हक्क मिळवलेला होता. तर्क बरोबर होता, वेळ चुकली. मोलिएरचे खंड, छापखाना, खाणी: बाल्झाकच्या बहुतेक योजनांचे असेच झाले. इतरांना त्या फळल्या.

पॅरिसजवळ ले जार्दी इथे उतारावर जमीन घेऊन त्याने घर बांधले, तेही याच काळात. पावसात कुंपणाच्या भिंती पुनःपुन्हा ढासळल्या. काचघरात अननस पिकवून पॅरिसला विकायचे, म्हणजे लाखोंचा नफा, हा तिथला बेत. रोप एकही लागलेले नसताना अननसाचे दुकान कुठे काढायचे आणि पाटीचा रंग कोणता, याची चर्चा तो तेओफील गोतिएशी करीत असे. आत फर्निचर नव्हते. रिकाम्या भिंतींवर कोळशाने इथे संगमरवर, इथे गालिचा, इथे अमक्या चित्रकाराचे चित्र असे लिहून ठेवले होते, असे त्याचा मित्र लेओं गोझलाँ सांगतो. घेणेकऱ्याची घंटा वाजली की घरातली माणसेच काय, बागेतला कुत्राही आवाज करीत नसे, हेही गोझलाँचेच. तिथल्या रानाच्या रखवालदाराचे बाल्झाक तीस फ्रँक देणे लागत होता, आणि त्या तीस फ्रँकपायी तो फिरायला जाण्याच्या वाटा बदलत असे. गोझलाँ रंगवून सांगणारा होता हे खरे. पण दोन लाखांची धास्ती नसलेला माणूस तीस फ्रँकना भितो, यात न पटण्यासारखे काही नाही. दोन लाख कागदावर असतात, तीस फ्रँकवाला समोरून चालत येतो.

१८४०च्या मार्चमध्ये ‘वोत्रँ’ हे त्याचे नाटक रंगभूमीवर आले. त्यावर त्याची सारी भिस्त होती. प्रमुख नटाने चढवलेला केसांचा टोप राजा लुई-फिलिपसारखा दिसला आणि सरकारने नाटकावर बंदी घातली. ले जार्दीवर जप्ती आली. पुढल्या वर्षी लिलावात ते साडेसतरा हजारांना गेले, तेही बाल्झाकनेच पुढे केलेल्या माणसाच्या नावावर. बाल्झाक तोवर पासीला, दोन दारांच्या घरात, पोचला होता.

पासीत तो सात वर्षे राहिला. १८४१ साली चार प्रकाशकांनी मिळून त्याचे समग्र साहित्य काढण्याचा करार केला आणि १८४२पासून ‘ला कोमेदी युमेन’ या नावाखाली ते निघू लागले. नव्वदांहून अधिक कृती, दोन हजारांवर पात्रे. त्या लहानशा टेबलावर त्याने जुने सारे पुन्हा तपासले आणि नवेही लिहिले. ‘कुझीन बेत’ आणि ‘कुझँ पाँस’ या दोन थोर कादंबऱ्या तिथल्याच. घेणेकरी त्याच्या पानांतून कधीच बाहेर गेले नाहीत. सावकार गोबसेक तर १८३०मध्येच अवतरला होता. १८४०च्या दशकातल्या एका छोट्या कथेत त्याने जुनी थकलेली कर्जे स्वस्तात विकत घेऊन वसूल करणाऱ्या सेरिझेला उभे केले. मॅक्सीम द त्राय हा बुडवेगिरीत पटाईत सरदार. आपण देणे कधीच देणार नाही, अशी त्याची पैज. सेरिझे म्हाताऱ्याचे सोंग घेऊन महिनोन्‌महिने त्याच्या प्रेयसीच्या ओळखीत राहतो आणि फर्निचरच्या सौद्यात रोख रक्कम हाती पडताच सोंग उतरवतो. टपालगाडीच्या गणवेशातला तो माणूस इथे ओळखू येतो. फरक एवढाच की कथेत बाल्झाकची दाद वसुलीदारालाही मिळते. त्याच्या धंद्यातल्या कौशल्याचे त्याला मनापासून कौतुक वाटे, जसे सुताराला दुसऱ्या सुताराचे वाटावे.

मर्काडे या नाटकातला नायकही कर्जदारच. तो प्रत्येक घेणेकऱ्याला हिंदुस्थानात पळून गेलेल्या आपल्या गोदो या भागीदाराचे कारण सांगत असतो; तो परत आला की सारे फिटेल. शेवटी गोदो खरोखरच गडगंज होऊन परततो. ते नाटक रंगभूमीवर आले १८५१मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर.

बाल्झाकचा गोदो म्हणजे मादाम हान्स्का. १८३२मध्ये ओदेसाहून निनावी पत्र धाडणारी ही पोलिश सरदारपत्नी, युक्रेनमध्ये हजारो एकरांची मालकीण. १८३३मध्ये ते प्रथम भेटले, १८४१मध्ये तिचा नवरा वारला, आणि त्यानंतर लग्नाला आठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. झारची परवानगी हे एक कारण होते. दुसरे त्याच्या पत्रांत होते. त्या शेकडो पत्रांत प्रेमाइतकेच आकडे आहेत: काय देणे आहे, कोणती कादंबरी किती देईल, अमक्या महिन्यापर्यंत सारे मिटेल. ते मिटत नव्हते, हे वाचणाऱ्या बाईला दिसत होते. तिने विश्वासाने दिलेल्या पैशातून त्याने उत्तर रेल्वेचे शेअर घेतले, ते घसरले. १८४६मध्ये तिच्यासाठी म्हणून पॅरिसमध्ये फोर्त्युने रस्त्यावर पन्नास हजारांचे घर घेतले आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ते भरत सुटला. पुन्हा उधारीच.

१४ मार्च १८५० रोजी बेर्दिचेव्ह येथे त्यांचे लग्न झाले. जहागीर तिने आधीच मुलीच्या नावे करून टाकली होती. बाल्झाकचे हृदय तोवर पार थकले होते. मे महिन्यात रात्रीच्या वेळी ते दोघे पॅरिसच्या घरी पोचले, तर खिडक्यांत दिवे आणि दार आतून बंद. घर सांभाळणाऱ्या नोकराला वेड लागले होते. कुलूपवाल्याला बोलावून दार फोडावे लागले. उभा जन्म ज्याने आपली दारे इतरांसाठी बंद ठेवली, त्याच्या वाट्याला हे आले. १८ ऑगस्टला तो गेला. व्हिक्टर ह्यूगो त्याच संध्याकाळी त्याला पाहून गेला होता आणि पेर-लाशेजच्या दफनभूमीत तोच बोलला.

विधवेला वारसा नाकारता आला असता. तिने तो देण्यांसह स्वीकारला. पुढची अनेक वर्षे ती घेणेकऱ्यांचे हिशेब मिटवीत राहिली, आणि सासूला ठरलेली वार्षिक रक्कमही तिच्याकडूनच जात होती. आई मुलानंतर चार वर्षांनी वारली. कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची पद्धत फ्रान्सने १८६७ साली बंद केली आणि क्लिशीचा तुरुंग पाडला गेला.

त्या घराचा घेणेकऱ्यांशी संबंध मात्र संपला नव्हता. मादाम हान्स्काची मुलगी आणि जावई तिथेच राहायला आले होते. मुलीला कपड्यांची आणि दागिन्यांची हौस, जावई पुढे वेडा झाला, युक्रेनची जहागीर हातून गेली. १८८२च्या एप्रिलमध्ये मादाम हान्स्का वारली, तेव्हा दाराशी पुन्हा घेणेकरी उभे होते; या वेळी मुलीचे. त्यांनी कपाटे उपसली, मौल्यवान दिसले ते घेतले आणि कागदपत्रे रस्त्यावर भिरकावली. स्पुलबेर्श द लोव्हांजुल नावाचा एक बेल्जियन संग्राहक बातमी कळताच धावत आला. आसपासच्या दुकानदारांनी पुड्या बांधायला कागद उचलून नेले होते. तो दुकानामागून दुकान फिरला आणि पाने विकत घेत राहिला. शेजारच्या एका चांभाराच्या दुकानात त्याला बाल्झाकने हान्स्काला लिहिलेल्या पहिल्या पत्रांपैकी एक मिळाले. आणखी कुठे कुठे काय आहे हे कळताच दुकानदारांनी भाव वाढवले. लोव्हांजुलने तेही मोजले, रोख.